असीरगडाचा वेढा, सासुरवाडीत

३ जानेवारी, सकाळी ८
पुण्याच्या गेम कंपनीची मेल. युद्धाच्या गेमसाठी एक सिनॅरिओ, म्हणजे एका लढाईचा अख्खा डाव, स्वतः बनवून पाठवा, आवडला तर नोकरी. मुदत वीस तारीख. म्हणजे बुऱ्हाणपुरातून सुटका! आमच्या अण्णांच्या कापडदुकानात अकरा वर्षं गादीवर बसून अस्तर फाडतोय. बास. संकल्प: रोज चार तास काम.

४ जानेवारी
विषय ठरला: असीरगडाचा वेढा. एक खेळाडू गडावर, दुसरा बाहेर फौज घेऊन. काम झालं नाही. लग्नाचं गिऱ्हाईक.

९ जानेवारी
नकाशा तयार. स्वतःचाच हेवा वाटला. कंपनीची अट: पाच जणांकडून खेळवून घ्या, स्वतः दोन्ही बाजूंनी खेळा. वैशाली म्हणाली, आधी गडावरून तुम्हीच खेळून बघा ना. मी म्हटलं, स्वयंपाक करणारा प्रत्येक पोळी चाखत बसत नाही. म्हणाली, भाजीचं मीठ तरी बघतो. बायकोला गेमिंगमधलं कळत नाही.

१२ जानेवारी, रविवार
टेस्टिंगसाठी नेपानगर, सासुरवाडी. मेव्हण्याला, उमेशला, गड दिला. मी बाहेर. तीन डाव, तिन्ही जिंकलो. उमेश फारच कच्चा. एकदाही गडाबाहेर पडला नाही, नुसता 'चाल संपली' दाबत शेव खात बसला. काही अडचण? विचारलं. नाही ना दाजी, एकदम बढिया, म्हणाला. मग सासरे हरले. मेव्हणी वर्षा हरली. शेजारचे हिरामणकाका हरले. सासूबाई तर चष्मा न लावताच हरल्या. सासरे म्हणाले, जावईबापूंचा हातच वेगळा. पाच टेस्टर, एक तक्रार नाही. वर पुरणपोळी.

१५ जानेवारी
अण्णांना सांगितलं, पुढच्या महिन्यापासून मी नाही. अडवतील वाटलं होतं. 'बरं' म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत देडतलाई गावचा दगा नावाचा माणूस ठरवूनही टाकला. जरा लागलं.

१९ जानेवारी
पाठवला. रिपोर्टमध्ये लिहिलं, दोन्ही बाजूंनी कसून तपासलं. खोटं कुठाय? दोन्ही बाजूंना माणसं होतीच.

२७ जानेवारी, दुपारी १
नकार. गडाचा दरवाजा आतून उघडतच नाही म्हणे. पहिल्या चालीपासून. फौज आत बसून धान्य संपून मरते. उमेशला फोन केला. म्हणाला, दाजी, पहिल्याच डावाले समजलं होतं. मग बोलला का नाहीस? तर म्हणे, जावयाची चूक कशी काढू ना? बाबांनी तर पहिलेच सांगितलं होतं, पाहुण्यांले जिंकू द्या.
सासुरवाडीवर माझा राग नाही. आहे. माझ्यावर जास्त आहे.

२८ जानेवारी
सकाळी पहिल्यांदाच गडावरून खेळलो. बाहेर वैशाली. तिनं हल्लासुद्धा केला नाही, मधेच उठून कुकर लावून आली. सहाव्या चालीला माझं धान्य संपलं. हसली नाही ती. हसली असती तर बरं झालं असतं.
अकराला दुकानात गेलो. गादीवर दगा. दोन मीटर अस्तर त्यानं एका झटक्यात सरळ फाडलं. गिऱ्हाईक खूश, अण्णा त्याहून खूश. मला म्हणाले, तू आता मागे घड्या घालत जा. त्या गादीसाठी आयुष्यात पहिल्यांदा जीव तुटला.
थोड्या वेळानं दगा फार आदरानं म्हणाला, भाऊ, दोन चाय सांगून येता का?
सांगून आलो.