स्थळप्रतीसह एक कार्ड

२७ ऑक्टोबर २०२५, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. सहकारी संघाच्या ऑफिसातलं एक कोरं आवक-जावक रजिस्टर निवृत्तीच्या वेळी माझ्याबरोबर घरी आलं होतं. आणलं नव्हतं, आलं होतं. त्यातच लिहितोय. शेवटचा रकाना शेऱ्याचा आहे, तो वाया जाऊ देणार नाही. तारीख हाताने घालावी लागते, कारण निरोप समारंभात भेट मिळालेल्या डेट स्टॅम्पमधली वर्षं २०२४ लाच संपतात.

विषय: शालन, म्हणजे मिसेस. मे महिन्यात तिच्या आईच्या वर्षश्राद्धाला माहेरी मलकापूरला गेली. आठ दिवस म्हणाली होती. पाच महिने झाले. दिवाळीलाही आली नाही. भांडण वगैरे काही नाही. तिकडची हवा चांगली आहे.

निर्णय: ३० नोव्हेंबरला लग्नाला तीस वर्षं होतात. त्यासाठी तिला हाताने केलेलं ग्रीटिंग कार्ड पाठवायचं. ते बघून ती परत येईल. आमच्या चौकात लोक बायकोच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लावतात, मी त्यातला नाही. मी चौतीस वर्षं आवक-जावकला शिक्के मारले. शिक्के मारणं ही कला आहे आणि तिचे क्लास असतात, हे काल यूट्यूबवर कळलं. म्हणजे चौतीस वर्षं मी कलाकार होतो.
शेरा: वेळ भरपूर आहे.

२९ ऑक्टोबर, बुधवार
स्नेहलला, म्हणजे मुलीला, पुण्याला फोन केला. प्लॅन सांगितला. तिने पहिलाच प्रश्न विचारला की आत काय लिहिणार. म्हटलं, ते शेवटी. आधी कव्हर. ती म्हणाली, पप्पा, पोस्टकार्डावर दोन शब्द लिहा, ‘चुकलं माझं’, आई येईल. तिला समजावलं की चूक कागदावर आली की रेकॉर्डवर येते, आणि रेकॉर्डवर आलेली चूक माणसाची पाठ सोडत नाही. शिवाय कसली चूक? ती मग म्हणाली, मलकापूरला एसटीने सव्वा तास लागतो. म्हटलं, समक्ष गेलं की विषय भरकटतो. पत्र बरं.

२ नोव्हेंबर, रविवार
कसबा बावड्यात निशिगंधा मॅडमच्या फ्लॅटमध्ये कार्ड मेकिंगचा क्लास. अकरा बायका आणि मी. चहाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांचा काका झालो.

शिकलो: जाड कागद थेट दुमडायचा नाही. आधी पट्टी लावून संपलेल्या रिफिलने रेघ ओढायची, मग घडी फुटत नाही. शिक्का हळू टेकवायचा आणि सरळ उचलायचा. इथे मतभेद झाला. मी सवयीने मारला. टेबल हललं आणि शेजारच्या बाईंची कागदी फुलं खाली गेली. माझ्या गुलाबाभोवती शिक्क्याच्या लाकडाची काळी चौकट उठली. मॅडम म्हणाल्या, काका, हा पण एक इफेक्ट आहे.
शेरा: मॅडमना माझ्यात काहीतरी दिसलेलं आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार
शिवाजी पेठेत गौसभाईंकडे गेलो. संघाचे सगळे रबरी शिक्के वीस वर्षं त्यांनीच केले. ऑर्डर दिली: एक मोर, मोराखाली ‘शालन’, बाजूला ३०. शिवाय एक फुलपाखरू. त्यांनी विचारलं, वैनी आल्या न्हाईत व्हय अजून? म्हटलं, हवापालट चाललाय. ते म्हणाले, पाच म्हैनं? एवढी हवा महाबळेश्वरात बी न्हाय की साहेब.

संध्याकाळी शिक्के तयार. गौसभाई म्हणाले, मशिन चालूच हाय, ‘माफ कर’ असा एक बारका शिक्का करून देतो, आपल्याकडनं भेट. नको म्हटलं. असला शिक्का एकदा घरात आला की कुणीही वापरेल.

घरात मी एकटाच असतो, हे बसमध्ये लक्षात आलं.

९ नोव्हेंबर, रविवार
आज एम्बॉसिंग. ओल्या शाईवर सोनेरी पावडर टाकायची, जास्तीची झटकायची आणि खालून ऊब द्यायची. पावडर वितळते आणि नक्षी उठून दिसते. त्यासाठी हीट गन लागते. ती नसल्याने स्नेहलचा जुना हेअर ड्रायर वापरला. पावडर उडाली. देवघरातले सगळे देव सोनेरी झाले, गणपती एका बाजूनेच.

दुसरा प्रयत्न तव्यावर. चार सेकंद मोर अप्रतिम दिसला. पाचव्या सेकंदाला तपकिरी झाला.

सहा कार्डं गेली. तवा कायमचा सोनेरी झाला आहे. भाकरी तशीही कोण करतंय. डबा येतो.
शेरा: तंत्र समजलं. पुढच्या वेळी चार सेकंद.

१२ नोव्हेंबर, बुधवार
काही केलं नाही. थकवा नाही, ताप नाही. टीव्ही आवाज बंद करून लावला होता. दूध अजून दोघांचंच घेतोय, रोज निम्मं नासतं. गवळ्याला सांगायचं राहून जातं. दुपारी लक्षात आलं की पाच महिने घरात शिरताना छातीत काहीच होत नाही. ना बरं, ना वाईट. याचीच थोडी काळजी वाटली. मग तीही गेली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
स्नेहलचा फोन. आज सरळ बोलली. म्हणाली, आजीच्या शेवटच्या दिवशी तुम्ही आईला जाऊ दिलं नाही, कार्डात तेवढंच लिहा. वस्तुस्थितीची नोंद इथे करून ठेवतो, म्हणजे गैरसमज नको.

३१ मे २०२४, शुक्रवार. माझा निरोप समारंभ अकरा वाजता. सकाळी साडेआठला मलकापूरहून शालनच्या भावाचा, बाळासोचा फोन: आईचं जास्त हाय, ताईला लगेच लावून द्या. कार्यक्रमपत्रिकेवर ‘सपत्नीक सत्कार’ असं छापलेलं होतं. मी एवढंच म्हणालो की शाल-श्रीफळ झालं की लगेच गाडी करू. शालन चप्पल घालून दारात उभी होती. ती मागे फिरली आणि साडी बदलून आली. सव्वाबाराला पुन्हा फोन आला, पण तेव्हा व्हाइस चेअरमनचं भाषण चालू होतं, म्हणून तिचा आणि माझा, दोन्ही फोन मी सायलेंटवर ठेवले होते. आम्ही तीन वाजता पोचलो. सासूबाई बाराला गेल्या होत्या.

समारंभाचा फोटो हॉलमध्ये आहे. शालन माझ्या शेजारी बसली आहे, मांडीवर नारळ.

त्यानंतर वर्षभर तिने यावर एक शब्द काढला नाही. लेखी नाही, तोंडीही नाही. तक्रारच नाही तर चूक कुठून आली?
शेरा: विषय बंद.

१७ नोव्हेंबर, सोमवार
मोठी प्रगती. काल क्लासमध्ये मॅडम म्हणाल्या की कार्डावर घरातलं, आपलं असं काहीतरी लावा, जुनी लेस, कापड. शालनची ट्रंक उघडली. साड्यांच्या तळाशी मलमलीत गुंडाळलेला हिरवा खण सापडला. न शिवलेला, जरीकाठी, कोपऱ्यावर हळदी-कुंकवाचे डाग. डाग टाळून मधोमध कापला, कारण विणकर मधे चांगलं काम करतो. दोन पानं कापली, पिंपळाच्या आकाराची. एक मूळ कार्डाला, एक स्थळप्रतीला. नोकरीत एकही पत्र मी ऑफिस कॉपी ठेवल्याशिवाय बाहेर जाऊ दिलं नाही, आणि स्थळप्रत मूळ प्रतीसारखीच पाहिजे. कडा सुटू नयेत म्हणून फेविकॉल.

हा खण सासूबाईंनी शेवटच्या भेटीत शालनच्या ओटीत घातला होता, असं अंधुक आठवतं. म्हणजे भावनिक बाजूही आपोआप सांभाळली गेली.

कार्ड फार सुंदर दिसतंय. मी बराच वेळ बघत होतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार
आतला मजकूर. तिसरा मसुदा पक्का केला:

‘विषय: घरी परत येणेबाबत. संदर्भ: आपले मे महिन्यातील तोंडी निवेदन. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपल्या विवाहास तीस वर्षे पूर्ण होत असून आपली उपस्थिती आवश्यक आहे. तरी सोयीने यावे. कळावे.’

‘सोयीने’ हा शब्द मुद्दाम घातला. आधी ‘तात्काळ’ होतं. माणसाने नमतं घ्यावं.

स्नेहलला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पप्पा, हे पाठवू नका. मग रेंज गेली असावी.

खाली दोन शब्दांची जागा उरली होती. पेन घेऊन बसलो. ‘च’ काढायचा म्हणून पेन टेकवलं आणि एक ठिपका पडला. वीस मिनिटं झाली. ठिपका वाईट दिसत होता, म्हणून त्यावर फुलपाखराचा शिक्का मारला. हळू टेकवून, सरळ उचलून. मॅडम खूश झाल्या असत्या. स्थळप्रतीवर ती जागा तशीच ठेवली, ठिपका नसल्याने गरज नव्हती.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
कार्ड रवाना. रजिस्टर पोस्ट बंद झालं म्हणाले. एवढी वर्षं ज्याच्या भरवशावर काढली ते बंद करताना मला कुणी विचारलं नाही. स्पीड पोस्टने पाठवलं, पोच फोनवर येते. काउंटरवरच्या मुलीने पाकिटात काय आहे विचारलं. म्हटलं, पत्रव्यवहार.
जावक क्र. १.

२४ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ५.००
पोचलं! दुपारी मेसेज आला आणि चार चाळीसला शालनचा फोन. मे महिन्यानंतर पहिला. जसाच्या तसा नोंदवतो. ती म्हणाली, ते कापड कुठलं? मी म्हटलं, तुझ्याच ट्रंकेतलं, हिरवा खण. मग तिने विचारलं, उरलाय का? म्हटलं, हो, भरपूर उरलाय. तिने फोन ठेवला. एकूण एक्केचाळीस सेकंद.

तिचा कंठ दाटून आला असणार. एवढा परिणाम होईल असं मलाही वाटलं नव्हतं.
शेरा: उद्दिष्ट जवळपास साध्य.

२६ नोव्हेंबर, बुधवार
बाळासोचा फोन. रविवारी गाडी घेऊन येतोय, घरात हाईसा न्हवं, म्हणून विचारत होता. रविवार म्हणजे तीस तारीख. गाडी म्हणजे सामानासकट. स्नेहलला कळवलं. ती म्हणाली, आईच येतेय असं मामा म्हणाला का? म्हटलं, काही गोष्टी मजकुरात नसतात, समजून घ्यायच्या असतात.

२९ नोव्हेंबर, शनिवार
तयारी. फरशी पुसली. नासकं दूध टाकून पातेली घासली. देव पुसले, गणपती अजून थोडा सोनेरी आहे. तवा तीन वेळा घासला, जात नाही. सांगेन की नवीन फॅशन आहे. हॉलमधला समारंभाचा फोटो काढून कपाटावर पालथा ठेवला. कारण काही नाही, भिंतीला ओल आहे.

छातीत आज थोडं धडधडलं. बरं वाटलं.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी ८.३०
दाढी केली. दोन कप काढून ठेवले. मग बाळासो आठवला, तिसरा काढला. ट्रंक नीट लावून ठेवली आहे, खण वर ठेवला, म्हणजे तिला लगेच दिसेल.

३० नोव्हेंबर. दुपारी १.४५
बाळासो आला. छोटा टेम्पो. ड्रायव्हरच्या शेजारून एकटाच उतरला. मी टेम्पोच्या मागे जाऊन बघितलं. मागे दोरी होती.

तो बसला नाही. उंबऱ्यातूनच म्हणाला, दाजी, ताईनं ट्रंक मागितलीया. अजून काय कापायला नगं म्हणून. आणि त्यो खण, उरलाय तेवढा. म्हटलं, चहा घे. त्याने उभ्यानेच घेतला. मी विचारलं, कार्ड बघून काय म्हणाली? म्हणाला, काय न्हाय म्हणाली. पाण्यात भिजवून तेवढा तुकडा सोडवून घेतला आणि वाळत घातला. म्हटलं, आणि कार्ड? म्हणाला, भिजलं की.

आतला मजकूर तिने वाचला का, हे विचारायचं राहिलं.

त्याने खण उलगडून उजेडात धरला. दोन भोकं दिसली. म्हणाला, ताईकडं एकच पान हाय, दुसरं? म्हटलं, ते रेकॉर्डला आहे. तो म्हणाला, ताई म्हणाली सगळं घिऊन ये. मी कपाटातून स्थळप्रत काढली. वाटीत पाणी घेतलं, बोटाने कडा भिजवल्या. दहा मिनिटं लागली. पान अख्खं निघालं. बाळासोने ते स्वतःच्या रुमालात घडी करून खिशात ठेवलं. जाताना म्हणाला, येऊ दाजी. टेम्पो वळेपर्यंत मी उभा होतो. मग दोन्ही कप विसळले. तिसरा कोरडाच होता.

जावक क्र. २: ट्रंक एक. खण एक, मधे कापलेला. तुकडा एक.

स्थळप्रतीवर, पान होतं तिथे, फेविकॉलचा पांढरा डाग उरला आहे. आत खाली दोन शब्दांची जागा रिकामी होती. आज पेन टेकवल्यावर ठिपका पडला नाही. एका दमात लिहून झालं: चुकलं माझं.
शेरा: हा मजकूर फक्त स्थळप्रतीवर आहे. मूळ प्रतीवर नाही.