परबांच्या खिशातला फ्यूज

सोम., २४ सप्टेंबर १९५६

संध्याकाळी सातला नाक्यावर मोर्चावर लाठी चालली, दगड उडाले आणि गल्लीतली वीज गेली. नेमकी तेव्हा खाली दोन नंबरच्या खाटेवर बाळंतपण. मूल आले, पण रक्त थांबेना. आयाने कंदील धरला, उजेड भलतीकडेच पडत होता, मी तिच्यावर ओरडले. टाका बोटांनी चाचपून घातला. बाई वाचली. मुलगा, सहा पौंड.

अकरा वर्षे घराच्या तळमजल्यावर हे चार खाटांचे सूतिकागृह चालवते आहे, पण अशी घाबरले नव्हते कधी. संयुक्त महाराष्ट्र व्हायलाच हवा, माझाही जीव त्यात आहे. पण बाळंतिणी काही सभा संपेपर्यंत थांबत नाहीत.

ह्यांना सांगितले, घरचे वीज करायचे इंजिन बसवायचे. हे म्हणाले, "गिरगावात? कुणाच्या घरी पाहिलंस?" नाही पाहिले. म्हणूनच.

शुक्र., २८ सप्टें.

लालबागचे परब आले, गिरणी सुटल्यावर. तिथे वायरमन आहेत, बाहेरची कामेही करतात. बोलणे कमी, काम सावकाश. मला सावकाश माणसांचा राग येतो.

आल्याबरोबर जिन्याखालचे मीटरचे कपाट उघडले, मेनचा चिनीमातीचा फ्यूज उपसला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. सगळे घर बंद. म्हटले, तिथेच फळीवर ठेवा की.

"नाय बाई. फळीवरचो फ्यूज कोणय येवन लावता. खिशातलो माका इचारल्याशिवाय कोण लावतलो?"

वीस वर्षांची सवय म्हणे. एकदाही फटका बसला नाही. हे सांगताना मात्र गडी खुलला.

रवि., ७ ऑक्टो.

इंजिन आले! लढाईनंतर लष्कराने मोडीत काढलेले, रे रोडच्या एका वखारीतून. हातगाडीवरून उतरवताना अख्खी गल्ली गॅलरीत. मागच्या अंगणात ओट्यावर बसवले. सासूबाईंनी लगेच हळदकुंकू वाहिले.

परबांनी फ्यूज खिशात टाकून इंजिनाच्या तारा मीटरच्या फळीला जोडल्या, हॅण्डल मारले. धूर, धडधड, आणि बाळंतपणाच्या टेबलावरचा दिवा लखलखीत. माझ्या डोळ्यांना पाणी आले. खरेच आले.

मग त्या तारा पुन्हा सोडवायला लागले. चेंजओव्हरचा खटका अजून मिळालेला नाही. तो बसला की वीज एक तर बाहेरची, नाही तर इंजिनाची, दोन्ही एकत्र होऊच शकत नाहीत. त्याशिवाय जोडून ठेवणार नाहीत म्हणे. मी हट्ट धरला. उद्याच कुणी अडली तर? शेवटी कबूल झाले, पण माझ्याकडून तीनदा वदवून घेतले. इथेही लिहिते:

वीज गेली तर आधी स्वतः जिन्याखाली जायचे. फ्यूज काढायचा. खिशात. मगच इंजिन.

"दुसऱ्या कोणाक सांगूचा नाय. तुम्ही सोता जावचा."

मी डॉक्टर आहे, म्हटले, एवढे कळते मला.

शुक्र., १२ ऑक्टो.

वीज शहाण्यासारखी वागते आहे. चेंजओव्हर दसऱ्यानंतर, असा परबांचा निरोप. सासूबाईंचे ठरलेय की दसऱ्याला इंजिनाची पूजा. शेजारपाजारच्यांना आमंत्रणेही गेली. इंजिन सुरू करून दाखवायचे म्हणे. मी म्हटले, नुसता हार घाला. कुणी ऐकले नाही. मीही फार ताणले नाही.

रवि., १४ ऑक्टो. दसरा

लिहिते आहे. अक्षर नीट येत नाही.

सकाळी अकराला पूजा. अंगणात दहा-बारा माणसे. इंजिनाला झेंडूचा हार, नारळ वाढवला. मी पैठणीत. तेवढ्यात घरातला रेडिओ मध्येच बंद पडला. पंखे थांबले. सासूबाई म्हणाल्या, "बघ ग, देवीनंच मुहूर्त काढला!" सगळे हसले. मीही.

शेजारच्या घरात वीज आहे का, मान वळवून बघितले नाही.

जिन्याखाली गेले नाही. एवढी माणसे उभी, पैठणीचा घोळ, आणि वीज तर गेलेलीच आहे, आता कशाला हवा फ्यूज काढायला. असे वाटले. तीनदा वदवून घेतलेले, इथे लिहून ठेवलेले.

ह्यांनी हॅण्डल फिरवले. इंजिनाने धरल्यावर वीज सोडायची कळ मी दाबली. मी. टाळ्या वाजल्या.

आयाची किंकाळी.

परब जिन्याखाली. खटका कालच मिळाला होता, मुहूर्ताला बसवून द्यावा म्हणून बाजूच्या दाराने आले होते. आयाला म्हणाले होते, "बाईंका सांगू नको, पूजा चालली हा, धा मिन्टांचा काम." वीज गेलीच नव्हती. त्यांनी फ्यूज काढला होता, आणि मी सोडलेली इंजिनाची वीज तारांतून थेट त्यांच्या हातात गेली.

नाडी लागेना. पैठणीतच गुडघ्यांवर बसले. किती वेळ छाती दाबत होते ठाऊक नाही. मग एक श्वास. मग दुसरा. उजव्या हाताची तीन बोटे आणि तळवा जळलेला, काळा. परळच्या हॉस्पिटलात नेले.

त्यांची पिशवी इथेच राहिली. आत नवा चेंजओव्हर, वर आपट्याची पाने. आमच्यासाठी आणलेली.

सोम., १५ ऑक्टो.

जीव वाचला. हाताचे सांगत नाहीत. मी विचारले, डॉक्टर म्हणून विचारले, तरी नीट सांगत नाहीत, म्हणजे काय ते मला समजते.

घरात वीज नाही. फ्यूज परबांच्या खिशात. बाजारात दुसरा मिळतो, हे आणतो म्हणाले, मी नको म्हटले. का, ते मलाही सांगता येणार नाही. नव्या बाळंतिणींना दुसरीकडे पाठवते आहे.

एकच घोळते आहे. इंजिन लावायला कुणीही आधी जिन्याखाली येणारच, या भरवशावर तो माणूस तिथे बसला होता. मी गेले असते तर समोर परब दिसले असते. "काय हो, आज कसे?" इतकेच झाले असते.

बुध., १७ ऑक्टो.

हे सॉलिसिटरकडे नोकरीला, तिथली भाषा घरात आणतात. "त्याला काही आठवत नाही. स्वतःची चूक झाली असं तोच म्हणतोय. आपण मदत करू, हवी तेवढी करू. पण तोंड उघडू नकोस. बाहेर कळलं तर सूतिकागृह बंद होईल." सासूबाई देवापुढे बसून आहेत. मुहूर्ताचे त्यांच्याही मनात असणार.

दु. हॉ.त गेले. परब छताकडे बघत पडलेले. म्हणाले, "बाई, ह्या काम आता मी सोडलंय. हात बरो झालो तरी. माका माझ्या हाताचो भरवसो रवलो नाय. फ्यूज खिशात होतो, मग वीज इली खंयसून? चार दिस ताच इचार करतंय."

मी चार्ट वाचत उभी राहिले. चार्टमध्ये काय होते आठवत नाही. तशीच घरी आले. मला माझी किळस येते.

गुरु., १८ ऑक्टो.

ह्यांना न सांगता गेले. परबांची बायको उशाशी होती. दोघांसमोर सांगितले. मुहूर्त, टाळ्या, जिन्याखाली गेले नाही ते, कळ मी दाबली ते. "तुमच्या हाताची काही चूक नव्हती, परब."

परब बायकोला म्हणाले, "सदरो दी." तिने खाटेखालून त्या दिवशीचा सदरा काढला. डाव्या हाताने खिसा चाचपून त्यांनी फ्यूज काढला आणि माझ्यापुढे धरला.

"घेवन जावा. घरात काळोख असतलो."

एवढेच. माझ्याकडे बघितले नाही. रागावले असते तर बरे झाले असते. इंजिनाबद्दल विचारले नाही, पुन्हा काम करणार का ते मीही विचारू शकले नाही.

जिन्यापर्यंत त्यांची बायको मागून आली. वाटले, आता बोलेल मला, बोलू दे. ती म्हणाली, "बाई, तुम्ही डॉक्टर. खरा सांगा, हात रवतलो काय?"

फ्यूज मुठीत घट्ट धरून मी तिला खरे तेच सांगितले.