शेवटच्या पानांतल्या चार ओळी

१९ जानेवारी

चि. छोटूस,
अनेक आशीर्वाद. अठ्ठावन्नाव्या वर्षीही छोटू म्हटलं म्हणून तोंड वाकडं करू नकोस. ऑफिसात तू साहेब असशील, इथे नाहीस.

तुझी वार्षिकी पोचली. पोस्टमनने हातात दिली तेव्हा ह्यांनी अर्धा चहा तसाच टाकला. गेलं वर्षभर देशात काय झालं ते आम्ही दोघांनी रोज पेपरात वाचलंच होतं, पण तुझ्या पुस्तकात आल्याशिवाय ह्यांच्या लेखी ते झालेलंच नसतं. चाळीस वर्षं मोठ्या नाट्यगृहाच्या विंगेत बसून नटांना वाक्यं पुरवली, ती सवय कुठे जाणार? अजून ओळीखाली बोट धरून वाचतात. सोबत दरवर्षीसारखं ह्यांचं शुद्धिपत्र आहे. सतरा चुका निघाल्या, आणि त्या आनंदात दोन दिवस गुडघा दुखला नाही.

आता माझं काम. हे पत्र लिहिते आहे हे ह्यांना ठाऊक नाही. यंदा नाट्यगृहाला पन्नास वर्षं होतात, म्हणजे तुझ्या पुस्तकात त्यावर पानंच्या पानं येतील. छोटू, ह्यांचं नाव आजवर कुठेही छापून आलेलं नाही. कपडेवाल्याचं आलं, दिवेवाल्याचं आलं. प्रॉम्प्टरचं नाव जाहिरातीत टाकलं तर लोकांना वाटेल की नटांचं पाठांतर कच्चं आहे, म्हणून ते कधी छापायचं नाही, असा नाट्यगृहाचा रिवाज. हे काही बोलत नाहीत, पण पुस्तक आलं की सगळ्यांत आधी रंगभूमीचं पान उघडतात. यंदा एक ओळ घाल. तुझ्याकडे मी कधी काही मागितलेलं नाही. बाकी सगळं ठीक. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कान धर. परवा सरकार पडलं आणि माझ्या टेबलावर कात्रणांचा डोंगर झाला. तुला माहीतच आहे, आमच्याकडे बारा महिन्यांची बारा खोकी असतात. रोज कात्री घेऊन पेपर कापायचे आणि ज्या त्या खोक्यात टाकायचे. मार्चचं खोकं सहा तारखेलाच भरलं. त्यात एक थोर गायिका गेली, आणि वीस वर्षं रखडलेला पूल निवडणूक दिसताच खुला झाला. भावोजींना सांग, सतरापैकी अकरा चुका मान्य. उरलेल्या सहांवर मी भांडणार आहे.

तुझं मागणं वाचून अवघडलो. रंगभूमीच्या पानांत नाव यायला पुरस्कार लागतो, नाहीतर पद, नाहीतर जाहिरातीत नाव. हा नियम मुख्य संपादकांचा आहे, आणि त्यांनी स्वतःच्या मुलीचा नाचाचा कार्यक्रमसुद्धा त्यापायी गाळला. मी अठ्ठावीस वर्षांत नात्यातलं एक माणूस पुस्तकात घेतलेलं नाही. त्याचा मला थोडा गर्वच आहे म्हण. तरी बघतो. निवडणूक आटोपली की येऊन जाईन. रागावू नकोस आणि जीव लावणं थांबवू नकोस.

तुझा,
छोटू

२ जुलै

चि. छोटूस,
अनेक आशीर्वाद.

बरी आणि वाईट अशा दोन्ही बातम्या आहेत. आधी बरी. सुवर्णवर्षाच्या प्रयोगाला नाट्यगृहाने ह्यांना परत विंगेत बसायला बोलावलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी! शेजारच्या शिंपीणबाईंकडून जुना कोट उसवून घेतला, मोठा केला आणि ऐटीत गेले. जुने नायकच पुन्हा नायक. दुसऱ्या अंकात ते आख्खं पान विसरले. ह्यांनी एकेक वाक्य खालच्या आवाजात दिलं, त्यांनी थांबून थांबून म्हटलं, आणि लोकांना वाटलं की म्हाताऱ्याला भरून आलंय. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की त्या थांबण्याने सारं नाट्यगृह गहिवरलं. हे वाचून इतके हसले की चष्मा काढून ठेवावा लागला.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी तोंड धुताना कोसळले. उजवी बाजू गेली आहे. बोलतात, पण कान तोंडाशी न्यावा लागतो. कात्रण पाठवते आहे, तुझ्या जूनच्या खोक्यात टाक. ते थांबणं कोणाचं होतं, हे तुला आता कळलं आहे. आता तरी नियम सांगू नकोस. काळजी घे, आणि आमची आठवण राहू दे.

तुझी,
ताई

२० जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. लगेच निघायला हवं होतं. पण निकाल लागले, नवं मंत्रिमंडळ आलं, प्रत्येक खात्याची नोंद माझ्याच हातची लागते, असं स्वतःला सांगत बसलो.

सुवर्णवर्षाची नोंद मी लिहिली. एक्केचाळीस नावं आहेत. त्या गहिवराचाही उल्लेख आहे. मुख्य संपादकांकडे भावोजींचा विषय काढला. ते म्हणाले, प्रॉम्प्टरचं नाव घातलं की त्या नायकाची अब्रू आपण चव्हाट्यावर आणली असं होईल. मी नोंद उचलून बाहेर आलो. वाद घालायला हवा होता, हे जिना उतरताना सुचलं. माझं हे असंच, तू लहानपणापासून बघतेस. भावोजींना माझा नमस्कार सांग. माझ्याविषयी मन कडू करू नकोस.

तुझा,
छोटू

१४ नोव्हेंबर

चि. छोटूस,
आशीर्वाद.

डॉक्टरांनी हात टेकले. फार तर आठ-दहा दिवस म्हणाले. चार दिवस झाले, हे चमचाभर पाणीसुद्धा धड गिळत नाहीत आणि मला ओळखतात की नाही ते कळत नाही. आता निवडणूक नाही, मंत्रिमंडळ नाही. असशील तसा ये.

ताई

२९ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्याकडून परतलो ते थेट ऑफिसात गेलो. पुस्तक उद्या छापायला जातं, त्यामुळे दोनच दिवस राहता आलं. भावोजींच्या उशाशी बसलो होतो तेव्हा त्यांनी एकदाही डोळे उघडले नाहीत. येताना आगगाडीत मला स्वतःची फार लाज वाटली.

ताई, ओळ बसवली. एक नव्हे, चार ओळी आहेत. नाव, काम, चाळीस वर्षं, दोनशे बारा नाटकं, सगळं आहे. कसं जमलं ते विचारू नकोस. ऐकू जात असेल नसेल, पण त्यांच्या कानात एवढं सांग की नाव छापून येतंय. तुझ्याजवळ कोणी तरी असू दे. शिंपीणबाईंना झोपायला बोलाव. मला तुझ्या मायेतून वगळू नकोस.

तुझा,
छोटू

१३ डिसेंबर

चि. छोटूस,
अनेक अनेक आशीर्वाद.

कसं सांगू! तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी ह्यांच्या कानाशी बसून सांगितलं. पहिल्यांदा काहीच नाही. मग ओठ हलले. कान नेला तर विचारत होते, कुठल्या पानावर. संध्याकाळी दोन चमचे पेज घेतली. आज उशी लावून बसतात, दाढी करून घेतात, आणि डॉक्टर येऊन माझ्याकडेच बघत बसतात. त्यांना काय कळणार, औषध तू पाठवलंस.

आता रोज एकच धोशा, पुस्तक कधी येतं. शिंपीणबाईंना सांगून झालं, दूधवाल्याला सांगून झालं. माझी बोलणी खाऊन तू कोडगा झाला असशील, म्हणून आज मनापासून कौतुक करते. तू माझं ऐकलंस. असाच आमचा राहा.

तुझी,
ताई

१८ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. इतकी आनंदाची बातमी वाचून कोणाचे हातपाय गार पडले नसतील.

पुस्तक त्यांना दाखवू नकोस. मी त्यांना रंगभूमीच्या पानांत घेतलेलं नाही, तिथे नियम आडवा आला असता. शेवटच्या पानांत, त्या वर्षी गेलेल्यांच्या यादीत, पुरस्कार लागत नाही आणि पदही लागत नाही. माणूस गेलेला असला की झालं. मी त्यांना बघून आलो होतो. डॉक्टर दिवस मोजत होते. तीस तारखेनंतर गेले असते तर पुस्तकातून कायमचेच निसटले असते, असं वाटलं, आणि चौथ्या ओळीत नोव्हेंबरात निधन असं मी माझ्या हाताने लिहिलं. मुख्य संपादकांनी न वाचता सही केली, कारण अठ्ठावीस वर्षांत माझ्या नोंदीत चूक निघालेली नाही, भावोजींनी दरवर्षी काढलेल्या सोडल्या तर.

छापून, बांधून झालं आहे. त्यांना सांग की यंदा उशीर आहे. मला काय म्हणायचं ते म्हण.

छोटू

११ जानेवारी

चि. छोटूस,
आशीर्वाद.

लपवून लपवायचं कुठे? पुस्तक आलं ते ह्यांनीच खिडकीतून बघितलं. डोळे लवकर थकतात म्हणून मी वाचून दाखवते म्हटलं. चौथी ओळ गाळायची असं मी ठरवून बसले होते. तीन ओळी नीट वाचल्या. पण पुढे थांबू कशी, काय म्हणू, ते सुचेना, आणि मी अडले. तेव्हा ह्यांनी खालच्या आवाजात मला उरलेलं वाक्य दिलं. नोव्हेंबरात निधन. पुस्तक मी कुठल्या टोकाला उघडलं हे त्यांनी केव्हाच बघितलं होतं.

मग पुन्हा पहिल्यापासून वाच म्हणाले. तीनदा वाचून घेतलं. लिहिलंय छान, म्हणाले. आणि भिंतीकडे तोंड करून पडल्यावर एवढंच विचारलं, की छोटूला पुढच्या पानांत जागा नव्हती का. 

मी रागावले आहे, हे तुला स्पष्ट कळू दे. अठ्ठावीस वर्षं पुस्तक तुझ्या हातात होतं आणि हे धडधाकट होते. दरवर्षी तुझ्या चुका शोधून देत होते, त्याबद्दल कुठे नाव घालायला काय हरकत होती? माणूस गेला असं समजल्यावर तुला जागा सापडली. आता एकच कर. हे जिवंत आहेत असं एकदा छाप. हे बोलत नाहीत, मीच सांगते आहे. तू माझा भाऊ आहेस हे मी विसरलेले नाही.

ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्याकडून परत आल्यावर पहिलंच पत्र. तिथे सगळ्यांसमोर सांगता आलं नाही ते लिहितो.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी मुख्य संपादकांपुढे राजीनामा ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा वाद घातला. शेवटी ते दुरुस्तीची चिठ्ठी छापू म्हणाले. चिठ्ठीत असं होतं, की या पानावरील प्रॉम्प्टर यांचं निधन झाल्याचं चुकून छापलं आहे, ते हयात आहेत. गोदामात नऊशे प्रती होत्या. मी शनिवारी पहिली चिठ्ठी तुला टपालात टाकली आणि डिंकाची वाटी घेऊन बसलो. मंगळवारी दुपारी भावोजी गेल्याचा तुझा निरोप आला, तेव्हा निम्म्या प्रती झाल्या होत्या.

परत आल्यावर मुख्य संपादक समजुतीने म्हणाले, आता चिठ्ठीची गरज उरली नाही, राहू द्या. मी सांगितलं की पुस्तक गेल्या वर्षाचं आहे, आणि गेल्या वर्षीच्या शेवटच्या दिवसापर्यंत ते होते.  उरलेल्या साडेचारशे मी काल पुऱ्या केल्या.

ताई, एक विचारतो. मंगळवारी सकाळचं टपाल आलं होतं का? चिठ्ठी त्यांनी बघितली का? तिथे विचारायचा धीर झाला नाही. जे असेल ते कळव. तुझ्या लोभाला मी आता पात्र नाही, तरी मागतो.

तुझा,
छोटू

१५ फेब्रुवारी

चि. छोटूस,
अनेक आशीर्वाद.

चिठ्ठी बुधवारी आली.

हो आली होती, असं लिहावं म्हणून दोन दिवस कागद पुढे घेऊन बसले. पण ह्यांच्या बाबतीत आणखी एक चुकीची नोंद माझ्या हातून होईना. चिठ्ठी मी त्या पानावर लावली आहे. ती लावली की चौथी ओळ झाकली जाते आणि वरच्या तीन दिसतात. दुपारी तेवढ्याच वाचते.

राग होता तो बराच ओसरला आहे, पण सगळा गेला असं म्हणणार नाही. तू येऊन राहा. महिना कुठला, कात्रणं किती, ते बघत बसू नकोस.

तुझी,
ताई