चार बोटांची जेली

बाबा,

दवाखान्यातून लवकर बोलावलंय, निघते. चिमीच्या हॅलोविन पार्टीची जेली फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात आहे.

भुताचा हात करायचा म्हणून मी काल ती रबरी हातमोज्यात ओतली. मोजा तुमच्या नव्या पाकिटातला घेतला. पाकीट आणल्या आणल्या तुम्ही उजव्या मोज्यांच्या करंगळीला गाठ मारून ठेवता, हे माझ्या डोक्यातून साफ गेलं. सकाळी मोजा कापला, तर चारच बोटं. मला रडूच येणार होतं, पण चिमीने घर डोक्यावर घेतलं. म्हणे, हा तर आजोबांचा हात. दुसरी जेली करू दिली नाही.

पोरं पाचला येतील. जेली कापू नका, मोठ्या चमच्याने मनगटाकडून वाढत या. तिने वर्गात सांगून ठेवलंय की तुमचं बोट करवतीने नाही, मगरीने नेलं. तेवढं खोटं पाडू नका.

आणि पाहुणे आले की खिशात हात घालून गच्चीवर जाता, तसं आज नको. वाढताना उजवाच हात पुढे करा. जेलीपेक्षा पोरं तोच बघायला येतायत.

थोरली