सोनेरी पट्ट्यांवरचे ओरखडे

आये, काल माळा आवरताना एका डब्यात गेमची कॅसेट सापडली. आपण दोघी कामाला होतो त्या मरोळच्या कारखान्यातली, टीव्हीला जोडलेल्या खेळाच्या मशीनमध्ये वरून खुपसायची ती. तू गेल्याला वीसेक वर्षं झाली, मी साठीला टेकले, तरी असलं काही हातात आलं की उघडल्याशिवाय राहवत नाही. दोन स्क्रू काढले. आत हिरवा बोर्ड, मधोमध चिप झाकणारा डांबरासारखा काळा गोळा, आणि खालच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची रांग. सोनेरी आपलं म्हणायचं. घासून घासून सोनं कधीच गेलंय, खालच्या तांब्यावर हिरवट थर चढलाय. हे कुणी केलं ते मला माहीत आहे. तुलाही माहीत होतं.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. सकाळी तू अंधेरीच्या बाजारात मासळी विकायचीस, मग घरी येऊन अंघोळ करून, हाताला लिंबू चोळून, दुपारपाळीला कारखान्यात. आत शिरायच्या आधी तिथल्या नळावर साबणाने पुन्हा हात धुवायचीस, पार कोपरापर्यंत. बारा बायकांत तुझं सोल्डरिंग सगळ्यांत साफ. इकडे थेंब सांडला, तिकडे चिपचा एक पाय शेजारच्याला चिकटला, असं तुझ्या बोर्डावर कधी व्हायचं नाही. आणि मी? मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली मॅडम, तयार माल तपासणारी. ती नोकरीसुद्धा तूच लावलीस. शेठला म्हणालीस, "पोर शिकलेली हाय माझी, घेऊन तर बघा." आणि त्याच कारखान्यात मी डबा खायला ऑफिसातल्या टायपिस्टच्या टेबलावर बसायचे. एकदा ती नाक दाबून हसत म्हणाली, "तुझी आई आली वाटतं." मीही हसले. हसले गं मी, आये! तू हॉलच्या त्या टोकावरून विचारत होतीस, "काय गो, जेवलीस का?" आणि मी नुसती मान हलवली.

सोल्डरिंग करताना चिकट राळ उडायची आणि त्या पट्ट्यांवर बसायची. राळ राहिली की मशीनला पट्टी नीट टेकत नाही, गेम चालू होत नाही. तुम्ही बायका स्पिरिटमध्ये फडकं भिजवून एकेक पट्टी पुसायचात, त्यात वेळ जायचा. गणपतीच्या आधी मोठी ऑर्डर आली आणि शेठ माझ्या मागे लागला. मी शहाणीने हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणला, तुकडे करून सगळ्यांना वाटले. "दोन हात मारा, चकाचक होतं." तू तुकडा हातात घेतलास, अंगठ्याने चाचपलास आणि खाली ठेवलास. "नको गो. मुलामा हाय तो. माझ्या त्या खोट्या पाटल्या घासल्या तर काय झालं, बघितलंस ना? निघून जाईल सगळं." बारा बायकांसमोर मी तुला म्हटलं, "पाटल्या आणि बोर्ड एक आहे का? तुला काय कळतं त्यातलं?" तू तुकडा उचललास आणि घासायला लागलीस. मी सांगितलं म्हणून.

दिवाळीच्या आत खोकीच्या खोकी परत आली. गेम लावला की पडद्यावर नुसते चौकोन, नाहीतर काळा टीव्ही. शेठने एक कॅसेट उघडून पट्ट्यांवरचं हिरवं माझ्या नाकासमोर धरलं. "हे काय आहे?" मला लगेच कळलं काय आहे ते. नोकरी जाणार, डिप्लोम्याची लाज जाणार, आणि टायपिस्ट दारात उभी राहून ऐकतेय. आणि माझ्या तोंडून निघालं, "सर, आई सकाळी मासळी विकून येते. खारा हात लागला असेल."

खारा हात! तीन-तीनदा धुतलेला! खोकी बाराजणींच्या हाताखालून गेलेली, आणि मी नेमकी तुझ्याकडे बोट दाखवलं, कारण मला माहीत होतं, ते सगळ्यांना लगेच पटेल. शेठने तुला बोलावलं. तू पदराला हात पुसत आलीस. त्याने विचारलं तेव्हा तू आधी माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही. मग स्वतःचे हात उलटेपालटे करून बघितलेस आणि म्हणालीस, "असंल, शेठ. माझाच लागला असंल." उद्यापासून येऊ नको म्हणाला तो. चार वर्षं काम केलं होतंस तू तिथे.

त्या संध्याकाळी आपण दोघी गेटातून एकत्र निघालो. बसस्टॉपपर्यंत मी मनात म्हणत होते, आता बोलेल, आता कानाखाली काढेल. तू एवढंच विचारलंस, "तुझी ऱ्हायली ना नोकरी?" मी हो म्हटलं. "मग झालं तर," म्हणालीस आणि बस येतेय का ते बघायला लागलीस.

त्यानंतर पंधरा वर्षं आपण एका घरात जेवलो. एकदा, फक्त एकदा तोंड उघडायचं होतं. आज हे सगळं लिहून काढलंय, आणि ते धाडायला पत्ता नाही. पत्ता असता तरी धाडलं असतं का, देव जाणे. कारण खोटं बोलले एवढंच नाही, आये. खोटं भीतीने निघतं, ते तू समजून घेतलंही असशील. पण त्या बसस्टॉपवर तुझ्याशेजारी उभी असताना मला वाईट वाटत नव्हतं. उद्यापासून तू तिथे येणार नाहीस, म्हणून मला बरं वाटत होतं.