तांबूस ठिपके

केडगाव, रविवार

प्रिय कैनात,

सात वर्षांनी माझं अक्षर बघून तू आधी पाकीट उलटंपालटं करशील, मग कपाळाला आठ्या घालशील. घाल. फोनवर तू लगेच ‘जाऊ दे गं’ म्हणाली असतीस आणि मीही लगेच जाऊ दिलं असतं, म्हणून कागद घेतला. तुझ्यावर निष्काळजीपणाचा जो ठपका बसला, त्याबद्दल लिहायचंय. पण मला सरळ बोलता कधी आलंय?

आपली प्रयोगशाळा तुला आता ओळखू येणार नाही. दोन लेसरचं नवं मशीन आलंय. पिठासारखी स्टीलची पावडर थरावर थर पसरायची आणि हवी तेवढीच लेसरनं वितळवायची, हे तेच. पण ज्या पंपाच्या पंख्यासाठी तू चौतीस तास बसायचीस, तो आता अकरा तासांत होतो. रंगनाथसर निवृत्तीला आले. परवा हवेत दमटपणा वाढला तर हवामान खात्यावरच चिडले होते.

तुझा पंखा तीनदा तडकला. तिसऱ्यांदा तर पंखा ज्यांना हवा होता ती साखर कारखान्याची माणसं समोर होती. सर सगळ्यांदेखत म्हणाले, ‘हिला पावडर सांभाळता येत नाही.’ तू मान खाली घालून उभी होतीस आणि मी शेजारी उभी राहून अ‍ॅप्रनची गुंडी लावत होते. महिन्याभरात तुझं काम माझ्याकडे आलं आणि तू सगळं सोडून सोनईला गेलीस.

पहिला पंखा तडकायच्या आधी तू ईदला घरी गेली होतीस ना, तेव्हा माझी पावडरीची चाळण फाटली. मी तुझी घेतली आणि तिच्यातून माझ्या कामाची तांब्याची पावडर चाळली. साफ करायची म्हणून बाजूला ठेवली, ती राहिलीच. तिखटाची चाळण आमची आई कधी पिठाला लावायची नाही, आणि मी शिकलेली इंजिनिअर! तू आलीस ती शीरखुर्म्याचा डबा घेऊन. डबा मी चाटूनपुसून खाल्ला, चाळणीचं सांगायचं विसरले. तू तिच्यातूनच तुझं सगळं स्टील चाळलंस.

इथवर चूकच होती, कैनात. दुसरा पंखा तडकल्यावर मी त्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तड्याच्या कडेनं तांबूस ठिपके होते. बघताक्षणी सगळं कळलं. तू तेव्हा कँटीनमध्ये दोघींचा चहा सांगत होतीस. मी तुकडा खिशात टाकला आणि येऊन तुझ्यासोबत चहा प्यायले. तिसरा पंखा तडकणार हे मला माहीत होतं.

माझी पीएच.डी. त्याच ठिपक्यांवर झाली. स्टीलमध्ये तांबं किती गेलं की तडा जातो, हे मी चिमटी-चिमटीनं तांबं घालून मोजलं. जणू हा प्रश्न मला आपोआप सुचला! आता लोक मला पावडरीच्या शुद्धतेवर बोलायला बोलावतात. फार लाज वाटते गं. पण लाज वाटत असतानाही मी दरवेळी शाल-श्रीफळ घेतलंच आहे.

गुरुवारी तुझी धाकटी बहीण आली होती, अलफिया, आमच्याकडच्या जागेच्या मुलाखतीला. मुलाखत झाल्यावर चहा पिताना मी तुझी चौकशी केली. हसत म्हणाली, “आपा लई घाबरट झालीय, दीदी. गॅस बंद केला का ते चारदा बघती. जीशानला ताप आला तरी पोराला औषध स्वतः पाजत न्हाई, सासूला पाजायला लावती. म्हणती, माझ्या हातून चूक हुईल.” मला तिच्यासमोर बसवेना. तुझं काम गेलं एवढंच मला वाटत होतं. तू सरांचं म्हणणं खरं मानून बसलीस, हे सात वर्षांत माझ्या मनातही आलं नाही. सरांना आणि विद्यापीठाला मी सगळं लिहिलंय, तो तुकडाही सोबत जोडलाय. उद्या देते. माझ्या पदवीचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं. पण त्यांच्या हाती देण्याआधी तुला लिहायचं होतं. मला माफ कर असं म्हणत नाही. तुझ्या हातून काहीही चुकलं नव्हतं. जीशानला औषध तू पाज.

म्हणू देशील तर अजून तुझीच,
ज्योती