कावेच्या ठिपक्याची मेंढरं

आबा, काल जेवताना माझ्या लेकानं, तुमच्या नातवानं, सांगितलं की पगारातले थोडे पैसे त्यानं शेअर बाजारात खेळायला वेगळे काढले आहेत. गेले तरी घराला धक्का नाही, म्हणाला, आणि हा काही जुगार नाही. मी हातातली पळी ताटात आपटली. बिचारा बघतच राहिला. हेच बोलणं मी नऊ वर्षांची असताना तुमच्या तोंडून ऐकलं होतं, हे त्याला काय माहीत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या बोलण्याचा राग अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

निजामी जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. दर वर्षी तुम्ही पाच नर कोकरं विकायचात आणि ते पैसे कनवटीला वेगळी गाठ मारून ठेवायचात. ही खेळाची गाठ. उन्हाळ्यात चारा संपला की सोनपेठच्या बाजारात रोडावलेली मेंढरं मातीमोलानं मिळायची. ती घ्यायची, जगली तर पावसाळ्यानंतर दुपटीनं विकायची, मेली तर गाठ सुटली म्हणायचं. त्यांच्या पाठीवर तुम्ही कावेचा तांबडा ठिपका लावायचात, बाभळीचे काटे रचून त्यांचं वाडगं वेगळं करायचात. माय काही बोलली की लगेच तिच्या भावाचा उद्धार. मामा जत्रेत तिर्रट खेळतो, म्हणून तुम्ही त्याला घरात यायची बंदी केली होती. पत्त्यात माणूस नशिबावर बसतो, मी जनावर पारखून घेतो, असं तुम्ही पारावर चारचौघांत सांगायचात. ते आठवलं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

त्या उन्हाळ्यात आणलेल्या आठांपैकी एकीच्या नाकातून पाणी वाहत होतं. मायनं दाखवलं. चालून चालून शिणलीय, एवढं बोलून तुम्ही विषय संपवलात. वाडगं वेगळं, चारा वेगळा, राखणसुद्धा वेगळी. पाणी मात्र सगळी एकाच दगडी डोणीवर पीत होती. पंधरा दिवसांत घरच्या मेंढरांच्या तोंडावर, कासेवर देवीचे फोड उठले. मी आणि माय रोज एकेक मेलेलं जनावर ओढत ओढ्याकडे नेत होतो आणि तुम्ही बाजेवर बसून सांगत होता की खेळातली आठच होती, गेली तर गेली. मग बाकीची चाळीस कुणाच्या खेळातली होती, आबा? हे तेव्हा विचारलं म्हणून तुम्ही माझ्या थोबाडीत मारलीत. चूक झाली म्हणाला असतात तर मी कधीच विसरले असते. तुम्ही तिला चूक म्हणालाच नाहीत.

उपासमारीनं मायच्या अंगावरचं दूध आटलं. धाकटा चार महिन्यांचा होता, ज्वारीच्या पिठाचं पाणी पिऊन रडायचा. कुणीतरी मामाला कळवलं. पत्त्यात जिंकलेल्या पैशांतून एक दुभती शेळी घेऊन तो आला आणि दाराबाहेरच उभा राहिला.

"जुगाराचं जनावर माज्या दारात बांदायचं न्हाई," तुम्ही म्हणालात. "मी धंद्यात बुडालोय, पत्त्यात न्हाई."

मामानं आवाज चढवला नाही. "दाजी, मी हरलो तर माजा खिसा रिकामा होतोय. तुमचं तर समदं वाडगं गेलं. आता लेकरू तरी जगू द्या."

आत लेकरू रडत होतं आणि तुम्ही पाठ फिरवलीत. त्या पाठीचा मी मनापासून तिरस्कार केला. आजही करते.

मायनं मला डोळ्यानं खुणावलं. मी गावाबाहेर पळत जाऊन मामाला गाठलं. शेळी आम्ही वरच्या आळीतल्या एकट्या म्हातारीच्या दारात बांधली आणि तुम्हाला सांगितलं की तिची शेळी मी चारते, त्याबद्दल अर्धं दूध मिळतं. धाकटा त्यावर जगला. पुढे पावसाळ्यात तुम्ही हिवतापानं अंथरूण धरलंत, तेव्हा त्याच दुधाची वाटी तुमच्याही उशाशी यायला लागली. "कष्टाचं दूध हाय पोरी, म्हणून अंगी लागायलंय," असं तुम्ही म्हणायचात आणि मी मान हलवायची. खरं काय ते तुमच्या तोंडावर फेकायचं मी रोज ठरवायचे. नाही फेकलं. तुम्ही वाटी खाली ठेवली असती, आणि एवढ्या रागातही तुम्ही मरू नये असं मला वाटत होतं. हे मात्र तुम्हाला कळू द्यायचं नाही, म्हणून हा कागद माझ्याजवळच राहील.